नववा रकाना

पोच रस्त्यालगतच्या टपालपेटीत विजेच्या बिलाला चिकटून पडली होती. तिने ती जिन्यातच फोडली. पत्र जिन्यात फोडायचं आणि वर पोचेपर्यंत वाचून संपवायचं, ही तिची जुनी खोड. बातमी चांगली असली तर पायऱ्या कमी लागतात आणि वाईट असली तर निदान टेकायला पायरी असते, असं तिची आई म्हणायची. कागद शिरगणतीच्या कचेरीचा होता, घरच्या नोंदीची पोच. घराचा क्रमांक बरोबर, गल्ली बरोबर, मजले दोन, नळ तीन, त्यातला एक गळका, हेसुद्धा बरोबर. त्याखाली मात्र कुटुंबं दोन होती. पहिलं कुटुंब: प्रमुख पुरुष, वय ऐंशी, एकूण माणसं एक. दुसरं कुटुंब: स्त्री, वय त्रेचाळीस, एकूण माणसं एक, घरमालकाशी नातं नाही, राहण्याचं स्वरूप पोटभाडेकरू. ज्या जिन्याच्या कठड्यावरून घसरून तिने सहाव्या वर्षी हनुवटी फोडून घेतली होती त्याच जिन्यात उभी राहून ती हे वाचत होती, आणि पहिल्यांदा तिला चक्क हसू आलं. पोटभाडेकरू! मग तिची नजर नवव्या रकान्यावर गेली आणि ती पायरीवर टेकली.

नवव्या रकान्यात माणसाचा गट लिहितात. गोरे पहिल्या गटात, काळे दुसऱ्या, मग आणखी तीन-चार गट, आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’, त्याच्यापुढे ठिपक्यांची एक ओळ, तपशील लिहायला. हा एकच रकाना विचारून भरायचा नाही, बघून भरायचा, असा शिरगणतीवाल्यांचा दंडक आहे. विचारलं की लोक चिडतात. बघून लिहिलं की चिडायला वाव राहत नाही, कारण पोच हातात येईपर्यंत आपण कोण ठरलो ते आपल्याला कळतच नाही. शिरगणतीवाल्याने बाबांना पाहिलं, लालबुंद गोरे, नाकावर तिळासारखे ठिपके, आणि पहिला गट लिहिला. तिला पाहिलं, उन्हात तापलेल्या विटेच्या रंगाची, केस असे कुरळे की कंगवा गेला तर परत येईल याची खात्री नाही, आणि दुसरा लिहिला. पहिल्या गटाच्या म्हाताऱ्याच्या घरात दुसऱ्या गटाची बाई, म्हणजे भाडेकरूच असणार. हिशेब साधा होता आणि यात त्या बिचाऱ्याचा दोष किती, हे तिला पायरीवर बसल्या बसल्या कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की ‘नातं नाही’ हे त्याने बघून लिहिलं की विचारून. आणि विचारून लिहिलं असेल तर बाबा काय म्हणाले होते?

बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. सोलत होते म्हणजे सुरी फिरवत होते. अर्धी सालं बटाट्यावर होती आणि बराचसा बटाटा सालांबरोबर कचऱ्यात जात होता. त्यांचा चष्मा तिच्या दुकानात होता, आठ दिवस झाले. दांडीचा एक इवलासा स्क्रू बसवायचा, दोन मिनिटांचं काम. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासते, दिवसाला वीसेक लोकांना दृष्टी देते, आणि घरचा म्हातारा आठ दिवस चाचपडतोय. दिव्याखाली अंधार तो हाच.

“बाबा, शिरगणतीवाल्याला तुम्ही काय सांगितलंत?”

“कोण तो? हां, तो! चांगला मुलगा. दोन पेले पाणी प्यायला. या रस्त्यावर त्याला कोणी बस म्हणत नाही म्हणे.”

“त्याने विचारलं काय?”

“सगळंच. नळ किती, खिडक्या किती, संडास घरात की बाहेर. मग म्हणाला, वर कोण राहतं? मी म्हटलं, आहे एक बाई. तिला विचारल्याशिवाय इथलं पान हलत नाही.”

“एक बाई?”

“मग काय, एक बुवा म्हणू?” बाबा स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन बटाट्याचा आणखी एक तुकडा उडवते झाले. “का गं घारू, काय झालं?”

तिचे डोळे तेवढे बाबांचे आहेत, घारे. बाकी सगळी आई. म्हणून तिचं घरचं नाव घारू, बाबांनी ठेवलेलं. कदाचित आपला एवढाच वाटा आहे तर तो नीट नोंदवून ठेवावा, असं त्यांना वाटलं असेल.

“काही नाही,” ती म्हणाली. “सही करताना वाचलं नाहीत?”

“कशाने वाचू? नाकाने?”

तिने त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेले बटाटे सोलले.

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिलं काम तिने तेच केलं. स्क्रू बसवला, दांडी उघडून-मिटून पाहिली, गरम वाळूच्या तव्यात कानाकडची टोकं शेकून थोडी आत वळवली, कारण बाबांचं डोकं वयाबरोबर बारीक होत चाललं होतं आणि चष्मा नाकावरून उतरायचा. मग रोजची भिंगं हाती घेतली. भिंग यंत्रात धरायचं, मधोमध येईल असं सरकवायचं, शाईचे तीन ठिपके उमटवायचे, आणि ते ठिपके सांभाळत चाकावर कडा घासायच्या. पाण्याची बारीक धार चाकावर पडत असते, भिंगाचा दुधासारखा चोथा बोटांवर जमतो, आणि हात चालू असले की डोकं मोकळं सुटतं. हे काम तिला आवडायचं ते त्यासाठीच. आज मात्र डोकं सुटून थेट शाळेत गेलं. शाळेतही पटावर गट लिहायचा असे. वर्गबाई वर्षाच्या सुरुवातीला मान वर करून एकेकाकडे बघत आणि लिहीत. सुट्टी मामाकडे समुद्रावर गेली असेल तर ती दुसऱ्या गटात. घरात बसून पुस्तकं वाचण्यात गेली असेल तर पहिल्या. चौथीत तिला कांजिण्या होऊन गेल्या होत्या, त्या वर्षी बाईंनी पेन्सिलीने लिहिलं. वर्गाच्या फोटोत फोटोवाला तिला नेहमी ओळीच्या टोकाला उभी करायचा, मध्ये उभी राहिली की फोटो डागाळल्यासारखा दिसतो म्हणून, आणि त्यामुळे प्रत्येक फोटोत ती अर्धीच आली आहे: एका वर्षी डावा कान, एका वर्षी उजवा. हे आठवून तिला नेहमीप्रमाणे हसू आलं आणि भिंग थोडं जास्त घासलं गेलं.

आणि ही माणसं! काउंटरवर नवा चष्मा डोळ्यावर चढवला की माणसाला जग पहिल्यांदा स्वच्छ दिसतं आणि त्या स्वच्छ जगात सगळ्यात पुढे असते ती, कारण चष्मा बसवून द्यायला तीच बाहेर येते. मग त्या चेहऱ्यावर प्रश्न उमटतो. तुम्ही मूळच्या कुठल्या? मागच्या गल्लीतली. तसं नाही हो, मुळात? मुळात मी मागच्या खोलीत असते, भिंगं घासते. एका म्हातारीने तर तिला आपल्याच मुलखातली ठरवून टाकलं आणि दहा मिनिटं कुठल्याशा भाषेत घरचं सगळं सांगितलं. तिने योग्य वाटेल तिथे मान डोलावली आणि एका ठिकाणी चक्क च्‌च्‌ केलं. म्हातारी इतकी समाधानाने गेली की पुढच्या आठवड्यात सुनेला घेऊन आली. तेव्हा मात्र तिला मागच्या दाराने पळावं लागलं. तेव्हा ‘तू कोण’ हा प्रश्न तिला नवा नव्हता. त्रेचाळीस वर्षं रोज विचारला जाणारा प्रश्न माणसाला दाराच्या घंटीसारखा होतो. वाजली की उठायचं, पाहायचं, परत येऊन बसायचं. पण ‘तू कोणाची’ हा प्रश्न वेगळा. तो तिला कोणी फारसा विचारला नव्हता. एकदाच विचारला होता, आणि तोही तिला नाही, बाबांना.

ती सात वर्षांची होती. पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीशी बाबांनी तिचा हात धरला होता, आतून क्लोरीनचा वास येत होता, पलीकडे पोरांचा कल्ला चालला होता, आणि खिडकीतल्या माणसाने आधी बाबांकडे आणि मग वाकून खाली तिच्याकडे पाहत विचारलं, ही कोण? बाबा म्हणाले, माझ्याबरोबर आहे. बस, एवढंच. तिकिटं मिळाली, ती पोहायला शिकली, नाकात पाणी गेलं, दिवस मजेत गेला. पण ती ‘मुलगी’ या शब्दाची वाट बघत होती आणि तो आला नाही. माझ्याबरोबर तर छत्रीही असते. हा खडा इतकी वर्षं तिच्या बुटात होता. रोज टोचायचा असं नाही. कधी महिनोन्‌महिने आठवायचाही नाही. पण ती गावोगाव नोकऱ्या करत हिंडली, मग चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा परत आली, वरच्या खोलीत सामान लावलं, आणि पहिल्या रात्री बाबा जिन्यातून ओरडले, ‘बरं झालं आलीस, घरात कोणीतरी बरोबर हवं,’ तेव्हा तो टोचलाच. आणि आता तर त्यावर सरकारी शिक्का बसला होता.

चाक थांबवताना तिला आणखी एक गोष्ट आठवली आणि कानशिलं तापली. शिरगणतीवाला तिला स्वतःलाच भेटला होता. ती कामावर निघाली होती, तो दार वाजवायच्या बेतात होता. त्याने नम्रपणे विचारलं, मालक आहेत का घरात? आणि ती घाईघाईत म्हणाली होती, आहेत, जा आत. मालक! तिनेच तर म्हटलं होतं. तिने ‘बाबा आहेत’ म्हटलं असतं तर? पण दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाला कोण आपली वंशावळ सांगत बसतं? तिने ओली बोटं पुसली आणि पोचेच्या मागचा मजकूर वाचला. हरकत असल्यास सात दिवसांत, प्रमुखाने व हरकतदाराने समक्ष हजर राहावे.

बाबांना जायचं म्हटल्यावर उत्साह आला. त्यांना कुठेही जायचं असलं की येतो. इस्त्रीचा सदरा, टोपी, आणि नाकावर दुरुस्त चष्मा, आरशात बघून म्हणाले, “अरेच्चा, मी एवढा म्हातारा झालो होय! आठ दिवस बरे गेले.” बसमध्ये त्यांनी खिडकी पकडली आणि समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईला आपल्या लग्नाची गोष्ट सांगायला घेतली. ही गोष्ट तिने हजार वेळा ऐकली होती, तरी ऐकली. बाबा तारखात्यात होते, खांबावर चढून टेलिफोनच्या तारा तपासायचे. आई टेलिफोन केंद्रात. खांबावरून बाबा विचारायचे, ऐकू येतंय का? आई म्हणायची, येतंय, आणि वारापण ऐकू येतोय, टोपी सांभाळा. असं अकरा महिने चाललं. मग भेटायचं ठरलं, बागेतल्या कारंज्याजवळच्या बाकावर, संध्याकाळी पाचला. खूण काय? खूण कशाला, आवाजावरून ओळखू की, असं दोघांनीही मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पाच वाजता बाबा बाकाच्या एका टोकाला येऊन बसले. दुसऱ्या टोकाला एक काळी मुलगी बसली होती. बाबा वाट बघत राहिले. ती मुलगीही वाट बघत राहिली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं होतं आणि पाहून ठरवलं होतं, हे माणूस ते नव्हे; मग बोलायचं कशाला? साडेपाच झाले, सहा झाले. बाबा मनातल्या मनात त्या न आलेल्या बाईवर चिडले होते. तेवढ्यात वारा आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून, अगदी सवयीने, आवाज आला: टोपी सांभाळा.

“आणि टोपी?” समोरच्या बाईने विचारलं.

“गेली की कारंज्यात! तिच्याकडे बघत होतो ना मी.”

समोरची बाई पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिची नजर घारूकडे वळली, मग बाबांकडे, मग पुन्हा घारूकडे, आणि तिथे तोच जुना हिशेब सुरू झाला. घारूने खिडकीबाहेर पाहिलं. मग न राहवून तिने हळूच विचारलं, “बाबा, मला पहिल्यांदा तलावावर नेलं होतं तुम्ही. खिडकीतला माणूस काय म्हणाला होता, आठवतं?”

“तलाव? आठवतो ना! माझा टॉवेल चोरीला गेला तिथे. निळ्या पट्ट्यांचा. तुझ्या आईने आठवडाभर ऐकवलं मला.”

“आणि खिडकीतला माणूस?”

“खिडकी होती का तिथे?” बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. “तू किती हात मारलेस ते आठवतं. सात. आठव्याला बुडालीस.”

त्यांना ते आठवतच नव्हतं. जे तिने छत्तीस वर्षं जपून ठेवलं होतं त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती, आणि आता त्यावर रागवायचं तरी कोणावर? टॉवेलच्या चोरावर? तिला वाईट वाटलं, आणि सात हात त्यांनी मोजले होते हे ऐकून बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे ती एक थांबा आधीच उठून उभी राहिली.

कचेरीच्या दारात एक पहारेकरी स्टुलावर बसला होता. एका चिठ्ठीवर एकच माणूस आत सोडायचा, असा त्याचा कायदा. चिठ्ठी तिच्या हातात, रांग तिच्या मागे, बाबा एका बाजूला टोपी सावरत भिंतीवरची सूचना मोठ्याने वाचून चष्म्याची परीक्षा घेत होते. पहारेकऱ्याने चिठ्ठी पाहिली, तिला पाहिलं, बाबांकडे हनुवटी उडवली.

“हे कोण?”

“माझ्याबरोबर आहेत,” ती म्हणाली आणि बाबांचा हात धरून आत शिरली.

चार पावलं गेल्यावर तिला ऐकू आलं आपण काय बोललो ते. ती तिथेच थांबली. मागचा माणूस तिच्यावर आपटला. माझ्याबरोबर आहेत. वडील हा शब्द जिभेवर आलाच नव्हता. लपवायचं होतं म्हणून नव्हे, लाजत होती म्हणून नव्हे. रांग मोठी होती, बाबांची टोपी पडायला आली होती, आणि पहारेकऱ्याला तिचे वडील कोण याच्याशी काय देणंघेणं? त्याला हवं होतं एवढंच, की या माणसाला कोणी आणलं आणि कोण घेऊन जाणार. आणि ते तिने सांगितलं होतं, हात धरून. तिकीटखिडकीशी बाबांनी तिचा हात कसा धरला होता ते तिला आता पहिल्यांदाच आठवलं: मनगटाला नाही, बोटांत बोटं घालून, दुखेल इतका घट्ट. इतकी वर्षं ती शब्द आठवत राहिली होती आणि हात विसरली होती. तिला मोठ्याने हसावंसं वाटलं. “चल की, अशी काय उभी,” बाबा म्हणाले.

चौथ्या खिडकीतल्या बाईला सर्दी झाली होती. नाक पुसत पुसत तिने पोच वाचली, कॉम्प्युटरवर काहीतरी ठोकलं आणि म्हणाली, “हे बघा, नातं बदलायला माझी ना नाही. मुलगी म्हणून टाकते. पण मशीन घेत नाही.”

“का?”

“गट जुळत नाही. प्रमुख पहिल्या गटात, मुलगी दुसऱ्या. मुलीचा गट बापाशी तरी जुळायला हवा नाहीतर आईशी. मागे तुम्ही या पानावर होतात तेव्हा आईही होत्या ना? म्हणून तेव्हा अडलं नाही.”

“आई गेली. चार वर्षं झाली.”

“तेच तर. जिवंत माणसांशीच जुळवतं ते.” बाईने पुन्हा नाक पुसलं. तिला खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. “मी काय म्हणते, तुम्हाला पहिल्या गटात टाकू? वडिलांच्या. एक कळ दाबायची, झालं. हरकत कोण घेणार? डोळे तर त्यांचेच आहेत.”

एक कळ. बाबांच्या पानावर जायचं तर आईचा रकाना सोडायचा. आईच्या रकान्यात राहायचं तर बाबांच्या घरात भाड्याने. तिला आईची पर्स आठवली. त्या पर्सच्या आतल्या कप्प्यात मेणकापडात गुंडाळलेला, आठ घड्यांचा तिचा जन्मदाखला असायचा. बाजारात, दवाखान्यात, बागेत, कुठेही. उद्या कोणी विचारलं ही घाऱ्या डोळ्यांची पोर कोणाची, तर? कोणी कधी विचारलं नाही. आईचा काळा हात आणि तिचा हात यांत लोकांना फारसा फरक दिसला नसावा. पण दाखला घड्यांवर फाटेपर्यंत त्या पर्समध्ये राहिला, आणि आई गेल्यावर तिला तो तिथेच सापडला, खोकल्याच्या गोळ्यांच्या वासाचा. आता तो तिच्या पिशवीत होता. पुरावा म्हणून आणला होता. त्याने दोघांचं नाव एका कागदावर आणलं होतं, पण मशीन जिवंतांचंच ऐकत होतं. मागे रांगेत कोणीतरी घसा खाकरला. तिला उत्तर द्यायचं होतं आणि दोन्ही उत्तरं चूक होती.

“बाई,” बाबांनी चष्मा नाकावर वर सरकवला. “हिला हलवू नका. मला हलवा.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझा गट बदला. हिच्याशी जुळेल असा.”

“आजोबा, काहीतरीच काय! तुम्ही तर सरळसरळ पहिल्यातले.”

“कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? बघितलं की कळतंच.”

“बघून कळतं?” बाबांनी कोपर खिडकीच्या फळीवर टेकवलं. ही लक्षणं घारूला ठाऊक होती. गोष्ट सुरू होणार होती आणि रांगेत बारा माणसं होती. पण बाबांनी या वेळी थोडक्यात आवरलं. “शेहेचाळीस वर्षांपूर्वी मी एका बाकावर तासभर बसलो होतो. बायको शेजारीच होती. बघून कळलं नाही मला. टोपी गेली तेव्हा कळलं. तेव्हापासून बघून लिहिलेल्यावर माझा विश्वास नाही.”

सर्दीवाल्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग खालच्या खणातून एक जाड पुस्तिका काढली, बोट ओलं करून पानं उलटली आणि एका ठिकाणी थांबली. “आहे की हो,” ती स्वतःच चकित झाली. “हरकतीच्या वेळी माणूस समक्ष हजर असेल तर तो सांगेल तो गट लिहावा. अकरा वर्षं झाली मला या खिडकीत, कोणी वापरलाच नाही हा नियम. मग? दुसरा लिहू?”

“छे छे! तिथे हिच्या मामांची माणसं आहेत. त्यांनी मला एकदा नाचताना पाहिलंय, ती मला आत घेणार नाहीत. इतर लिहा. ही येत असेल तर हिलाही.”

“इतरला तपशील लागतो. तुमच्या हाताने लिहावा लागेल.” बाईने कागद फिरवून पुढे केला. त्यावर दोन ओळी होत्या, वर प्रमुख, खाली मुलगी, आणि दोन्हींच्या पुढे ठिपके. “काय लिहायचं ते मात्र मला विचारू नका.”

बाबांनी पेन घेतलं. ठिपक्यांच्या ओळीवर वाकून, जीभ दातांत धरून, तारखात्यात नोंदवहीत लिहायचे तशा गोल अक्षरांत त्यांनी सावकाश लिहिलं. मग पेन तिच्या हातात दिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

वरच्या ओळीत होतं: इतर. तपशील: खालीलप्रमाणे.

ती वाचत राहिली. आयुष्यभर या ठिपक्यांवर काय लिहावं याची तिने मनातल्या मनात कितीतरी उत्तरं जुळवली होती. काही कडवट, काही विद्वान, एक तर चांगलं पानभर. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. बाबा मान तिरकी करून तिच्याकडे बघत होते, परीक्षेत शेजारच्याला उत्तर दाखवून झालेल्या मुलासारखे. तिने खालच्या ओळीत लिहिलं: इतर. तपशील: वरीलप्रमाणे.

बाईने कागद घेतला. वरची ओळ वाचली, खाली आली. खालची वाचली, वर गेली. असं दोनदा झाल्यावर तिला शिंक आली, आणि शिंकेबरोबर हसूही. “अहो, पण म्हणजे नक्की काय?” ती म्हणाली. बाबांनी खांदे उडवले. घारूचे डोळे भरले होते आणि चेहरा हसत होता. बाईने दोन्ही ओळी जशाच्या तशा टाइप केल्या आणि कळ दाबली. मशीन जरा घरघरलं. मग त्याने कागद बाहेर काढला, बाईने त्यावर शिक्का मारला आणि वाचून दाखवला: कुटुंब एक, माणसं दोन, नातं मुलगी.

“नळ तीनच लिहिलेत ना?” बाबांनी विचारलं. “एक गळका.”